चिल्कूट ट्रेलची आखणी शेवटापासून सुरू करा

चिल्कूट ट्रेल अलास्कातल्या डायीला सुरू होते आणि कॅनडातल्या बेनेट तलावाशी संपते. लांबी ५३ किलोमीटर, आणि सर्वांत उंच जागा, म्हणजे चिल्कूट खिंड, १०७४ मीटर. कळसूबाई १६४६ मीटर आहे. हे आकडे शेजारीशेजारी ठेवले की सह्याद्रीत भटकणारा माणूस म्हणतो, "एवढंच ना?" आणि सगळ्यात आधी विमानाची तिकिटं काढतो. इथेच घोळ सुरू होतो.

कॅनडातल्या क्लोंडाइकच्या सोन्यामागे १८९७-९८ मध्ये माणसं ज्या वाटेने गेली, तीच ही वाट. आज तिच्यावर दोन देशांचे नियम लागू आहेत, खिंड ओलांडणाऱ्यांची रोजची संख्या ठरलेली आहे, आणि शेवटच्या टोकाला रस्ताच नाही. त्यामुळे आखणी उलटी करावी लागते: परतीची आगगाडी, तिच्यावरून खिंडीचा दिवस, त्यावरून मुक्काम, आणि विमान सर्वांत शेवटी.

## १. वाट कुठून कुठपर्यंत उघडी आहे ते पाहा

ऑक्टोबर २०२२ च्या पुरात अमेरिकेच्या बाजूचे पूल आणि पायवाट खूप खराब झाली, आणि त्यानंतर तो भाग बंद ठेवावा लागला. म्हणून पहिलं काम एकच. अमेरिकेची नॅशनल पार्क सर्व्हिस आणि कॅनडाची पार्क्स कॅनडा या दोघांच्या संकेतस्थळांवर तुमच्या हंगामाची स्थिती वाचा. एकाचं वाचून भागत नाही, कारण वाट दोघांत वाटलेली आहे. जुनी प्रवासवर्णनं या कामी निरुपयोगी.

उत्तरावरून दोनपैकी एक बेत ठरेल.

पूर्ण वाट: डायी ते बेनेट. दिशा हीच ठेवा. उलट गेलात तर खिंडीखालचा उभा दगडी टप्पा पाठीवर ओझं घेऊन उतरावा लागतो, आणि तो चढण्यापेक्षा उतरणं जास्त धोक्याचं आहे.

फक्त कॅनडाची बाजू: बेनेटला आगगाडीने पोहोचायचं, लिंडमन आणि हॅपी कॅम्प या तळांवर मुक्काम करत खिंडीपर्यंत जायचं आणि त्याच वाटेने परत यायचं. हा दुय्यम बेत मुळीच नाही. तलाव, उघडे कातळ आणि बर्फाचे पट्टे, म्हणजे वाटेचा सर्वांत मोकळा भाग याच बाजूला आहे.

> इशारा: कॅनडाच्या बाजूने खिंडीत गेलात तर पलीकडे "जरा खाली उतरून पाहू" असं करू नका. तिथे आंतरराष्ट्रीय सीमा आहे, आणि फाटक नाही म्हणून ती ओलांडायला मोकळीक आहे असं होत नाही.

## २. कागदपत्रं

भारतीय पारपत्रावर पूर्ण वाट चालायची तर अमेरिकेचा आणि कॅनडाचा, दोन्ही व्हिसा लागतात. अमेरिकेचा व्हिसा आहे म्हणून कॅनडा चालून जाईल, ही समजूत फार पसरलेली आहे आणि ती चुकीची आहे. आपापल्या परिस्थितीप्रमाणे पाहा:

- भारतातून येणारे: दोन्ही व्हिसा. अमेरिकेच्या मुलाखतीची तारीख मिळायला कित्येक महिने जाऊ शकतात, म्हणून व्हिसा हातात नसेल तर हा बेत पुढच्या वर्षाचा समजा.
- अमेरिकेचं ग्रीन कार्ड असलेले: कॅनडासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. वैध पारपत्र आणि कार्ड, दोन्ही अंगावर ठेवा.
- अमेरिकेत एच-१बी वर असलेले: कॅनडाचा व्हिसा लागतो. पारपत्रावरचा अमेरिकी व्हिसाचा शिक्का संपलेला असेल पण आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) वैध असेल, तर कॅनडातून ३० दिवसांच्या आत परतणाऱ्यांना नव्या शिक्क्याशिवाय प्रवेशाची सवलत आहे. त्या मुक्कामात नव्या व्हिसासाठी अर्ज केलात तर ती जाते. निघण्यापूर्वी हा नियम आपल्या वकिलाकडून ताजा करून घ्या.
- कॅनडात कायम रहिवासी, पण पारपत्र भारतीय: पूर्ण वाटेसाठी, किंवा डायीजवळच्या स्कॅगवे या अलास्कातल्या गावात नुसतं पाऊल ठेवायलाही, अमेरिकेचा व्हिसा हवा.

तुमच्याकडे फक्त कॅनडाचा व्हिसा असेल तर युकॉनमधल्या व्हाइटहॉर्सला उतरून तिकडूनच बेनेट गाठणारा बेत आखता येतो.

पूर्ण वाटेवर खिंड ओलांडली की तुम्ही कॅनडात असता आणि तशी नोंद सीमा अधिकाऱ्यांकडे करणं ही तुमची जबाबदारी. परवाना घेताना त्या हंगामातली नोंदणीची पद्धत विचारा आणि लिहून घ्या, कारण वाटेत मोबाइलला रेंज नाही.

## ३. आधी गाडीचा वार, मग खिंडीची तारीख

बेनेटला जुनं लाकडी चर्च आहे, स्थानक आहे, तलाव आहे. रस्ता नाही. तिथून निघण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे व्हाइट पास अँड युकॉन रूट ही आगगाडी, आणि ती बेनेटला रोज येत नाही. म्हणून हंगामाचं वेळापत्रक निघालं की आधी तिचे वार टिपून घ्या.

आता मागे मोजा. समजा गाडी पाचव्या दिवशी दुपारची आहे. मग:

| दिवस | कुठून कुठे | अंतर (सुमारे) |
|---|---|---|
| पहिला | डायी ते कॅन्यन सिटी | १२.५ किमी |
| दुसरा | कॅन्यन सिटी ते शीप कॅम्प | ६.५ किमी |
| तिसरा | शीप कॅम्प ते हॅपी कॅम्प (खिंड) | १४ किमी |
| चौथा | हॅपी कॅम्प ते बेअर लून लेक | १४ किमी |
| पाचवा | बेअर लून लेक ते बेनेट | ६ किमी |

दुसरा दिवस पाहून हमखास विचारलं जातं, "साडेसहा किलोमीटरला अख्खा दिवस कशाला? पहिल्याच दिवशी शीप कॅम्प गाठू." गाठता येतं, १९ किलोमीटर आहे. पण मग भरलेल्या सॅकसह पहिलाच दिवस लांब होतो आणि दुसऱ्या सकाळी दुखऱ्या पायांनी खिंड चढावी लागते. दुसऱ्या दिवशी दुपारी तंबूत पाय पसरून पडायचं, हाच या आखणीचा गाभा आहे. तो दिवस वाचवू नका.

सुट्टी जास्त असेल तर ती तिसऱ्या दिवसानंतर घाला. लिंडमनला एक रात्र वाढवणं डायीच्या जंगलात वाढवण्यापेक्षा कितीतरी चांगलं, कारण किनाऱ्याकडच्या बाजूला पाऊस जास्त आणि डोंगरापलीकडे कमी असतो.

## ४. परवाना

अमेरिकेकडून खिंड ओलांडून कॅनडात उतरणाऱ्यांची मर्यादा दिवसाला ५० आहे. आरक्षण पार्क्स कॅनडाकडे होतं आणि ते उन्हाळ्याच्या कित्येक महिने आधी उघडतं. ती तारीख आणि वेळ आधी जाहीर होते. भारतातून करणार असाल तर वेळेचं गणित करून गजर लावून बसा.

आरक्षण रात्रीनिहाय असतं: कोणत्या रात्री कोणता तळ. ज्या तळाचं आरक्षण, रात्र तिथेच काढायची. "पाय चालताहेत तर पुढचा तळ गाठू" ही आपली सवय इथे चालत नाही.

अर्ज भरण्यापूर्वी एका कागदावर हे तयार ठेवा:

1. गाडीच्या वारांशी जुळणाऱ्या खिंडीच्या तीन तारखा, पसंतीच्या क्रमाने.
2. प्रत्येक तारखेसाठी तळांची पूर्ण यादी. शीप कॅम्पची रात्र ही खिंडीची आदली रात्र, ती सर्वांत आधी भरते असं धरून चाला.
3. सगळ्यांची पारपत्रावर आहेत तशी नावं. गट बारा जणांहून मोठा नको. खरं तर चौघांहून मोठा गट मी सुचवणारच नाही, कारण खिंडीच्या दिवशी गटाचा वेग म्हणजे सर्वांत हळू चालणाऱ्याचा वेग.

महिना कोणता? जूनमध्ये खिंडीत बर्फ भरपूर आणि जुलैच्या मध्यापर्यंत हिमप्रपाताची धास्ती असते. ऑगस्टच्या उत्तरार्धात पाऊस वाढतो आणि दिवस लहान होऊ लागतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी जुलैचे शेवटचे दहा दिवस ते ऑगस्टचा मध्य, हा काळ मला योग्य वाटतो.

> तपासा: परवाना मिळाला का? त्याच तारखांना जुळणारं गाडीचं तिकीट पक्कं झालं का? दोन्ही "हो" असल्याशिवाय विमानाच्या संकेतस्थळाकडे फिरकू नका.

## ५. पोहोचणं

दोन रस्ते आहेत. सिॲटलहून विमानाने जुनो आणि तिथून फेरीबोटीने किंवा छोट्या विमानाने स्कॅगवे. नाहीतर व्हॅंकूव्हरहून व्हाइटहॉर्स आणि पुढे सुमारे १७५ किलोमीटर रस्त्याने स्कॅगवे. पहिल्या मार्गात ढगांमुळे छोटी विमानं अडकतात आणि फेरी रोज असेलच असं नाही. दुसऱ्यात सीमानाका लागतो. कोणताही घ्या, पण स्कॅगवेत चालायच्या आधी पूर्ण एक दिवस हाताशी ठेवा.

त्या दिवशीची कामं अशी. ट्रेल सेंटरमध्ये जाऊन परवाना ताब्यात घ्या आणि अस्वलांबद्दलची माहिती नीट ऐका. नदीचं पाणी, पूल आणि खिंडीतला बर्फ यांची ताजी खबर तिथेच मिळते. गॅसचा डबा आणि बेअर स्प्रे (अस्वलाला पळवणारा फवारा) विकत घ्या. ही दोन्ही विमानात नेता येत नाहीत, ना हातातल्या सामानात ना खालच्या. डायी स्कॅगवेपासून पंधराएक किलोमीटर आहे, तिथे सोडणारी गाडीही आदल्या दिवशीच ठरवा.

## ६. सामान: थंडीचं नव्हे, ओलीचं गणित

१०७४ मीटरवर विरळ हवेचा त्रास होत नाही. त्रास होतो तो भिजून, वाऱ्यात उभं राहून शरीराचं तापमान उतरण्याचा. किनाऱ्याकडचं जंगल पावसाचं, खिंडीत वारा आणि ऐन जुलैतही बर्फ. आपल्याकडे पावसाळी ट्रेकला "भिजायचंच आहे" म्हणून निघतो आणि ते खपतं, कारण आपला पाऊस कोमट असतो. इथे भिजलेला सुती टी-शर्ट हा धोका आहे.

- कपडे: सुती काहीच नको, मोजे आणि अंतर्वस्त्रंसुद्धा. लोकरीचा किंवा सिंथेटिक आतला थर, वर फ्लीस, आणि त्यावर खरोखर पाणी अडवणारं जॅकेट आणि पँट. पोंचो वाऱ्यात उडून तोंडावर येतो आणि दगडांवर पाय ठेवताना खालचं दिसेनासं होतं.
- रात्रीचे कोरडे कपडे: एक जोड वेगळ्या पाणबंद पिशवीत, फक्त तंबूत घालायचा. सकाळी कितीही जिवावर आलं तरी ओलेच कपडे चढवून चालायचं, कोरडे भिजवायचे नाहीत.
- सॅक: वरच्या कव्हरवर विसंबू नका. आतून जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी लावा.
- तंबू: स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणारा. तळांवर तंबूसाठी असलेल्या लाकडी ओट्यांवर मेखा ठोकता येत नाहीत. बांधायला जास्तीची दोरी घ्या. हॅपी कॅम्पला आडोशाला झाडं नाहीत आणि वाऱ्याला दया नाही.
- स्लीपिंग बॅग: शून्य अंशापर्यंत आरामात झोपता येईल अशी.
- बूट: घोट्यापर्यंतचे, ५०-६० किलोमीटर आधी चाललेले. हंगामाच्या सुरुवातीला गेटर, म्हणजे बुटात बर्फ जाऊ न देणारी पायावरची आवरणं, हवेतच.
- उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र: गटात निदान एक. हवामान वाईट असेल तर मदत पोहोचायला वेळ लागतो, तेव्हा प्रथमोपचाराची पेटीही खरी असू द्या. क्रोसिन आणि चार बँडेड म्हणजे पेटी नाही.

शिधा आणि पाणी धरून सॅक १५ किलोच्या आत बसवा. बसत नसेल तर बाहेर काढायच्या वस्तूंत जास्तीचे कपडे आणि मोठा कॅमेरा पहिले, आणि पावसाळी कपडे कधीच नाहीत.

## ७. शिधा आणि अस्वलं

तांदूळ भारतातून अमेरिकेत नेऊ नका, किडीच्या भीतीने तो विमानतळावर काढून घेतात. सिॲटल किंवा व्हॅंकूव्हरच्या भारतीय दुकानांतून तांदूळ, डाळ, पोहे घ्या. मधे सीमा ओलांडायची असल्याने ताजी फळं, भाज्या आणि मांस टाळा.

वाटेवर शेकोटीला बंदी आहे, म्हणून सगळं स्टोव्हवर, आणि भिजून आल्यावर अर्धा तास डाळ शिजवायला कोणी बसत नाही. गरम पाणी घातलं की दहा मिनिटांत तयार होईल असंच न्या: दडपलेले कोरडे पोहे, भाजून मसाला लावलेला उपमा, तयार खिचडीची पाकिटं. थेपले पहिल्या दोन दिवसांत संपवा. खिंडीच्या दिवशी बसून जेवण होत नाही, त्या दिवसासाठी खिशातून काढून खाता येईल असं वेगळं बांधा: शेंगदाण्याची चिक्की, खजूर, सुका मेवा. एक दिवसाचा शिधा जास्तीचा ठेवा.

काळी आणि तपकिरी, दोन्ही जातींची अस्वलं या खोऱ्यात आहेत. नियम थोडेच, पण अपवाद नाहीत:

1. स्वयंपाक आणि जेवण ठरलेल्या जागीच. तंबूत बिस्किटसुद्धा नाही.
2. वास येणारी प्रत्येक वस्तू तळावरच्या अस्वलरोधक पेटीत. यात टूथपेस्ट, साबण, ओडोमॉस, खोबरेल तेल आणि कचऱ्याची पिशवी येते. लोणच्याची बाटली तर आणूच नका, तिचा वास सॅकमधून जन्मात जात नाही.
3. बेअर स्प्रे कंबरेला किंवा छातीच्या पट्ट्याला, सॅकच्या आत नाही.
4. दाट झाडीत आणि नदीच्या आवाजात मोठ्याने बोलत चाला.

कचरा सगळा परत न्यायचा. पाणी गाळून किंवा उकळूनच.

## ८. पायांची तयारी

रोज दहा किलोमीटर सपाट चालून ही वाट जमत नाही. लागतं ते ओझ्यासह मोठमोठ्या दगडांवर तोल सांभाळणं. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट ज्यांनी केली आहे त्यांना खिंडीखालच्या टप्प्याचा अंदाज येईल: तसेच सुटे धोंडे, तसेच हातपाय दोन्ही लावणं. तो सराव हिवाळ्यात करा, पावसात ती नाळ धोक्याची आहे. सिॲटलकडच्यांना माउंट साय आणि व्हॅंकूव्हरकडच्यांना ग्राउस ग्राइंड हाताशी आहेत, पण तिथेही भरलेली सॅक घेऊनच जा.

निघण्याच्या महिनाभर आधी सलग दोन दिवस १२-१३ किलो घेऊन चढ-उतार करा. दुसऱ्या दिवशी गुडघे काय म्हणतात ते ऐका.

## ९. डायी ते शीप कॅम्प

सुरुवातीलाच एक छोटी पण खडी टेकडी आहे. तिथे घाम काढून घेणारा वेग धरू नका. पुढे ताइया नदीच्या काठाने ओलं जंगल, मुळं, चिखल. ही नदी हिमनद्यांवर पोसलेली आहे, त्यामुळे कडक उन्हाच्या दिवसांतही तिचं पाणी चढतं. वाटेवर पाणी आलेलं दिसलं तर ट्रेल सेंटरमध्ये काय सांगितलं होतं ते आठवा.

कॅन्यन सिटीजवळ गंजलेले बॉयलर आणि भांडी पडलेली दिसतील. बघा, फोटो काढा. खिळासुद्धा उचलणं गुन्हा आहे.

शीप कॅम्पला संध्याकाळी रेंजर पुढच्या दिवसाची माहिती देतात. ते चुकवू नका. त्यानंतर रात्रीच सगळं आवरून ठेवा: पाणी भरलेलं, खाऊ वरच्या खिशात, पावसाळी कपडे सर्वांत वर.

> तपासा: गटात कोणाला ताप, मुरगळ, फुटलेले फोड? रेंजर "उद्या नको" म्हणाले? शीप कॅम्पवरून डायीला परतणं सोपं आहे. खिंडीच्या अर्ध्यातून मागे फिरणं तसं नाही.

## १०. खिंडीचा दिवस

चौदा किलोमीटरला दहा ते बारा तास लागू शकतात. हा आकडा वाचून हसणारेच संध्याकाळी हॅपी कॅम्पला शेवटी पोहोचतात.

पहाटे निघा. सहा वाजता चालायला लागलेले बरे. जुलैत अंधार पडायची भीती नसते, म्हणून लोक रेंगाळतात. पण पहाटे निघण्याचं कारण वेगळं आहे: दुपारनंतर बर्फ मऊ होतो, वरच्या उतारांवरून हिमप्रपाताचा धोका वाढतो आणि हवा बिघडते. ३ एप्रिल १८९८ च्या हिमप्रपातात साठाहून अधिक माणसं गेली ती शीप कॅम्प आणि खिंडीच्या मधल्या याच पट्ट्यात. धोक्याचे फलक लागलेल्या भागात बसून खाऊ नका.

लाँग हिल. शीप कॅम्पनंतरची लांब चढण. झाडं संपतात, वारा सुरू होतो. अंगातून घाम निघेल इतक्या वेगाने चढलात तर वर थांबल्यावर तोच घाम गारठवतो. एक थर कमी करून, सावकाश.

स्केल्स. उभ्या टप्प्याच्या पायथ्याची जागा. इथे न चुकता थांबा. खा, पाणी प्या, वाऱ्याचं जॅकेट चढवा, चालायच्या काठ्या मिटून सॅकला बांधा. वर हात मोकळे हवेत.

गोल्डन स्टेअर्स. सुमारे ४५ अंशांचा धोंड्यांचा उतार. "स्टेअर्स" म्हणजे पायऱ्या, पण पायऱ्या नाहीत. त्या १८९८ च्या हिवाळ्यात बर्फात कोरलेल्या होत्या. एकामागोमाग एक सरळ रेषेत चढू नका, सुटलेला दगड खालच्याच्या डोक्यात जातो. थोडे तिरके राहा आणि दगड सुटला तर मोठ्याने ओरडा. भार टाकण्यापूर्वी प्रत्येक धोंडा हलवून पाहा. धुक्यात खुणेच्या काठ्या दिसतात. पुढची दिसेपर्यंत मागची सोडू नका.

एक खोटा माथा येतो, त्यानंतर आणखी. "आलंच" असं कोणालाही सांगू नका, मन खचतं.

माथा. कॅनडाच्या बाजूला ऊब घेण्यापुरता निवारा आहे, मुक्कामाला नाही. ओलं जॅकेट घालून अर्धा तास फोटो काढत बसाल तर थरथर सुरू होईल. दहा मिनिटं, गरम चहा, आणि पुढे.

सर्वांत जास्त फसगत होते ती यानंतर. खिंड झाली म्हणजे दिवस झाला असं वाटतं, पण हॅपी कॅम्प अजून साडेसहा किलोमीटरवर आहे. क्रेटर लेकच्या काठाने कधी बर्फ, कधी धोंडे, कधी वाहतं पाणी. पाय मुरगळतात ते इथेच. बर्फाखालून ओढा वाहत असल्याचा आवाज आला तर त्याच्यावरून जाऊ नका. माथ्यावर खाण्याचा निदान तिसरा हिस्सा शिल्लक असावा.

> इशारा: कोणी अडखळायला लागलं, बोलणं जड झालं किंवा "मला थंडी वाजत नाही आता" म्हणालं, तर थांबा. कोरडे कपडे, गोड खाऊ, गरम पेय. तळ गाठायची घाई तेव्हा नको.

## ११. हॅपी कॅम्प ते बेनेट

इथून वाट मायाळू होते. लाँग लेक, डीप लेक, मग लिंडमन. लिंडमनच्या तळावर सहसा पार्क्स कॅनडाचे कर्मचारी असतात, काही दुखापत असेल तर तिथे सांगा. बेअर लूनजवळ उघडे कातळ आणि त्यापुढे बेनेटच्या आसपास वाळू, जिच्यात शेवटचे दोन किलोमीटर कंटाळवाणे होतात.

गाडी चुकली तर रुळांवरून चालत जाऊ असा विचार काही जण करतात. रुळांवर चालायला मनाई आहे आणि त्यावरून गाड्या खरोखर धावतात.

अलास्काचं घड्याळ उन्हाळ्यात ब्रिटिश कोलंबिया आणि युकॉनच्या एक तास मागे असतं. बेनेट ब्रिटिश कोलंबियात आहे. तिकिटावर छापलेली वेळ कोणत्या घड्याळाची आहे ते तिकीट काढतानाच विचारा, आणि मनगटावरचं घड्याळ खिंडीतच बदला. स्थानकावर तासभर आधी पोहोचा, पारपत्र सॅकच्या तळाशी न ठेवता खिशात ठेवा आणि चिखलाचे बूट डब्यात शिरण्यापूर्वी बाहेरच झटका.